खोतांनी सोडलेला आंबा

कुंभेवाडीचे खोत विसाजीपंत काशीला जाऊन स्वर्गातली जागा पक्की करून आले होते, असं त्यांचं स्वतःचंच म्हणणं. काशीला आवडतं फळ सोडतात, म्हणून पंतांनी आंबा सोडला आणि त्याच संकल्पात बायकोचाही सोडून टाकला. द्वारकाबाईंना विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्याला बारा वर्षं झाली. ऐन वैशाखात ओटीवर पाहुणे आंबे खात होते आणि पंतांचं प्रवचन रंगात आलं होतं.

"जीभ जिंकली की परलोक जिंकला! आमच्या हिलाच विचारा. काय गं, कधी आंबा खावासा वाटला?"

द्वारकाबाई दारात आल्या. "अहो, माझ्या दहाव्याला कावळा काही पिंडाला शिवायचा नाही."

"भलतंच काय बोलतेस!"

"तासभर वाट बघाल. भटजी म्हणतील, बाईंची काहीतरी इच्छा राहिलीय. मग तुम्ही पिंडाजवळ आंबा ठेवाल, हात जोडाल आणि म्हणाल, 'खा गं, पोटभर खा.' म्हणाल ना?"

"म्हणावंच लागेल."

"मग आजच म्हणा की. आज मला माझ्या तोंडानं खाता येईल."

पाहुण्यांचे हात टोपलीवरच थांबले. पंतांचे कान तापले. मान खाली घालून ते आंब्यांच्या अढीजवळ गेले, पेंढा बाजूला सारला आणि तिथंच अडले. एकीकडे हापूस होता, दुसरीकडे पायरी. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला सगळ्यांदेखत विचारावं लागलं,

"अगं, तुला यातला कुठला आवडतो?"