मिलकाआजीची बोळवण

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, आमच्या कुंभेरीला सडक नव्हती, आणि पलीकडच्या काठाला जायचं तर ओहोटीची वाट बघत बसावं लागायचं. पाणी ओसरलं की खाजणाच्या चिखलातून एक पायवाट वर यायची. तिला उतार म्हणत. दोन्ही अंगांना तिवरांची झाडी, आणि मधून ही वाट. वाट तरी कशी, आज इथून तर उद्या तिथून. पाय चुकला की कमरेइतका चिखल, आणि मागून भरती.

या उताराच्या तोंडाशी एक काळा धोंडा आहे. तो तेव्हाही होता.

त्या काळात गावात बेने इस्राएलांची चार-सहा घरं होती. त्यांचे पूर्वज गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, असं म्हणतात. ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून सगळा मुलूख त्यांना शनिवार तेली म्हणायचा. बोलणं आपल्यासारखं, नेसणं आपल्यासारखं. फक्त देव एकच, आणि त्याला मूर्ती नाही.

त्यांच्यातली ही मिलकाबाई. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. घाणा, एक बैल आणि रस्त्याकाठची ओटी एवढा तिचा संसार. उताराला जाणारा प्रत्येक वाटसरू त्या ओटीवर टेकायचा, आणि मिलकाबाई त्याला उपाशी जाऊ द्यायची नाही. यात काही मोठं नाही. तेव्हा वाटसरूला भाकर सगळेच द्यायचे. मिलकाबाईचं वेगळेपण पुढं होतं. पाहुणा हात धुऊन उठला की ती पायांत वहाणा सरकवायची आणि त्याच्या संगती चालू लागायची. थेट धोंड्यापर्यंत. तिथं उभी राहून ती त्याला त्या दिवशीची वाट दाखवायची. तो पलीकडं पोचून तोंडाशी हात धरून ओरडायचा, "पोचलो गं बाय!" ते ऐकलं की मगच ती माघारी फिरायची. हाक ऐकल्याशिवाय ती हलायची नाही, मग घाण्याचा बैल खोळंबो नाहीतर चुलीवरची आमटी करपो. आमटी पुष्कळदा करपायची, असं म्हणतात.

त्यांच्या समाजातला वडीलधारा म्हणजे हसाजी. तो तिला चिडवायचा, "मिलके, दारातनं हात हलवलास तर काय बिघडंल?"

ती म्हणायची, "काका, आपल्या मूळपुरुषाकडं, अब्राहामबाबाकडं, भर दुपारचे तिघं वाटसरू आले. त्यानं पाय धुवायला पानी दिलं, जेवू घातलं. मग त्यांना वाटेला लावायला तो संगती गेला का नाय? शंभरीला टेकलेला मानूस, घरात गडी-माणसं असून सोता गेला. मग मी कोण टिकोजी? जेवू घातलं म्हंजे निम्मंच झालं. बोळवण केली की पुरं."

हसाजी हसून मान डोलवायचा. शास्त्र त्यानंच तिला शिकवलं होतं.

आता ऐका, एका शुक्रवारी काय झालं ते. शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत या लोकांच्या घरी शब्बाथचा दिवा लागतो. दिवा लागला की दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत काम नाही, ओझं नाही, लांबचं चालणं नाही. घराभोवतीची थोडीशी वाट चालता येते, तेवढीच. धोंडा त्या वाटेच्या पुष्कळ पलीकडं होता.

मिलकाबाईनं दिवा लावला आणि तेवढ्यात दारात एक म्हातारा सुतार आला. पाठीला नवा कोरा पाळणा बांधलेला. पाळण्याच्या चारी कोपऱ्यांवर लाकडाचे पोपट, हिरव्या रंगाचे, चोची लाल. लेकीला पहिलं मूल झालं होतं, उद्या बारसं होतं, आणि पाळणा आजोबानं स्वतः घडवला होता. जेवता जेवता तो पोपटांवरून हात फिरवत होता. जेवण होताच तो उठला. ओहोटी आत्ताच होती, थांबला असता तर बारसं चुकलं असतं.

मिलकाबाईनं वहाणांत पाय घातले आणि पुन्हा काढले. दिवा लागला होता. फाटकात उभं राहून तिनं हातानं दाखवलं, "तो धोंडा दिसतोय ना, तिथनं डाव्या अंगाला धरून जा, बाबा. आणि पोचलास की हाक दे." म्हाताऱ्यानं मान हलवली आणि तो गेला.

ती फाटकात उभी राहिली. अंधार पडला, भरती चढली, पण हाक आली नाही. वारा उलटा आहे, तिनं मनाला सांगितलं, ऐकू आली नसेल.

शब्बाथ सरला, आणि रविवारी सकाळी जोमा कोळ्याला तिवरांत तो पाळणा अडकलेला दिसला. चारी पोपट कोरडे होते. थोड्या अंतरावर म्हातारा होता.

दोन्ही काठांच्या गावांची माणसं जमली. मेलेला कुणाच्या हद्दीत, हे ठरवायला दोर आणला गेला आणि भांडण जुंपलं. दोर ताणलेला असताना मिलकाबाई मध्ये येऊन उभी राहिली.

"दोर गुंडाळा," ती म्हणाली. "तो माझ्या दारातनं गेला."

तेव्हा हसाजी पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन पुढं झाला. त्यांच्या मूळ देशात फार पूर्वी एक रीत होती. वाटेवर परका माणूस मेलेला सापडला की जवळच्या गावचे वडीलधारे यायचे, सगळ्यांसमोर हात धुवायचे आणि म्हणायचे, हे रक्त आमच्या हातांनी सांडलेलं नाही. त्यांनी त्याला मारलं, असं कुणीच म्हणत नसायचं. त्यांना सांगायचं असायचं ते हे की आमच्या गावातून हा माणूस उपाशी गेला नाही आणि एकटा गेला नाही.

हसाजी म्हणाला, "हात पुढं कर, मिलके. तू नेमानं वागलीस. शब्बाथ होता. म्हण, माझ्या हातनं हे झालं नाय."

मिलकाबाईनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "उपाशी गेला नाय, हे म्हणेन, काका. एकटा गेला नाय, हे कुठल्या तोंडानं म्हणू?"

हसाजीनं तांब्यातलं पाणी जमिनीवर ओतलं. त्या जागी भर वैशाखातही गवत हिरवं असतं, असं म्हणतात. मी ते बघितलं आहे. अर्थात आता तिथं शेजारी पंचायतीचा नळ आहे, हेही सांगायला हवं.

गावानं म्हाताऱ्याला अग्नी दिला. पलीकडच्या गावांत माणसं पाठवून चौकशी केली. पण गावं पुष्कळ, आणि म्हाताऱ्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मिलकाबाईनंही विचारलं नव्हतं. पाळणा तिच्या ओटीवर टांगून राहिला.

पुढच्याच शुक्रवारी, तिन्हीसांजेला, खाजणातून आवाज आला. "उतार कुनीकडं हाय वो?"

लोकांची पाचावर धारण बसली. चकवा लागला म्हणून घरोघरी दारं बंद झाली. दर शुक्रवारी तोच आवाज, तोच प्रश्न, आणि उत्तर द्यायची कुणाची छाती होईना. जो ओ देईल त्याला तो चिखलात नेतो, अशी बोलवा झाली. वाटसरू कुंभेरीची वाट टाळू लागले.

मग एका शुक्रवारी दिवस असतानाच मिलकाबाई घरातून निघाली. काखेत झावळ्या, हातात दिवा, तेलाची बुधली आणि भाकरी, पाठीला पाळणा. धोंड्यापाशी तिनं खोप उभारली आणि सूर्य बुडायच्या आत शब्बाथचा दिवा धोंड्यावर लावला.

हसाजी धावत आला. "घरचा दिवा वेशीभायेर? हे कुठलं शास्त्र?"

"दिवा असंल तिथं घर, काका. अब्राहामबाबाचं तरी काय होतं? तंबूच ना? आज माझं घर हितं. आणि घराभवतीची वाट शब्बाथला चालता येते, हे तुम्हीच सांगितलंय."

हसाजीनं नजरेनंच धोंड्यापासून पलीकडचा काठ मापला. तेवढं अंतर नेमात बसत होतं. त्याचं तोंड बंद झालं, आणि हसाजीचं तोंड बंद होणं हाही त्या काळी चमत्कारच होता.

तिन्हीसांज झाली. आवाज आला, खूप लांबून. "उतार कुनीकडं हाय वो?"

मिलकाबाई उठून उभी राहिली. "हिकडं ये, बाबा. दिव्याकडं ये."

तो आला नाही. पण पुढच्या शुक्रवारी आवाज किंचित जवळून आला, असं म्हणतात. ज्याची बोळवण राहिली त्याला वाट लवकर सापडत नसावी. मिलकाबाई दर शुक्रवारी दिवा घेऊन जायची आणि दर शुक्रवारी ओ द्यायची. उन्हाळे गेले, पावसाळे गेले. खोप किती वेळा उडाली आणि किती वेळा उभी राहिली. घाणा दुसऱ्यानं घेतला. मिलकाबाईचे केस पांढरे झाले, पाठ वाकली, आणि गाव तिला मिलकाआजी म्हणू लागलं. वाटसरू पुन्हा येऊ लागले. धोंड्यावर दिवा असताना कुणाला भीती वाटेना.

मग ती अवस आली. अवसेचं उधाण, आणि वार शुक्रवार. खाडी अशी भरली होती की उतार कुठं होता याची खूणसुद्धा उरली नव्हती. कोळी होड्या वर ओढत होते, म्हणून अर्धं गाव काठावर होतं. हसाजीलाही दिवस असतानाच काठी टेकत कुणीतरी आणलं होतं. म्हणून पुढचं अनेकांनी पाहिलं.

आवाज आला तो अगदी धोंड्याजवळून. हळू आवाज, थकलेला. "उतार कुनीकडं हाय वो?"

मिलकाआजी उठली. तिनं वहाणा घातल्या.

"आलास, बाबा?" ती म्हणाली. "लई वाट बघायला लावलीस. चल. आज मी हाय संगती."

आणि खोपीतला पाळणा उचलला गेला. माणसाच्या पाठीइतक्या उंचीवर तो स्थिर झाला आणि हलत हलत निघाला. खाली माणूस दिसत नव्हता. शेजारून मिलकाआजी चालत होती, रिकाम्या हातांनी, बारशाच्या गप्पा मारत. दिवा धोंड्यावरच होता, पण त्याचा उजेड पाण्यावर लांब लांब होत गेला, आणि जिथं उजेड पडला तिथून पाणी दोन्ही अंगांना सरलं. उधाणाचं पाणी भिंतीसारखं उभं राहिलं आणि खाली उताराची वाट वर आली, कोरडी. काठावरची माणसं हात जोडून उभी होती. लहान पोरंसुद्धा रडली नाहीत.

थोड्या वेळानं पलीकडून हाक आली. म्हाताऱ्या माणसाची, खणखणीत.

"पोचलो गं बाय!"

जोमा कोळी आता स्वतः म्हातारा झाला होता. तो ढसाढसा रडला. दोन्हीकडचं पाणी पुन्हा एक झालं, आणि सगळे मिलकाआजीची वाट बघू लागले. ती येईना. तेव्हा हसाजी एकदम म्हणाला, "अरे, तिची बोळवण कुनी केली?"

कुणीच केली नव्हती. साऱ्या वाटसरूंना जिनं वाटेला लावलं, ती आज एकटी गेली होती. बायामाणसं, पोरंटोरं, सगळी धोंड्यापाशी धावली आणि एका आवाजात ओरडली, "मिलकाआजी!" उत्तर नाही. पुन्हा ओरडली. घसे बसेपर्यंत ओरडत राहिली, पण कुणी घरी गेलं नाही.

शेवटी आवाज आला. "पोचले रे बाबांनो!"

तो पलीकडच्या काठावरून आला, असं काही जण म्हणतात. वरून आला, असं काही म्हणतात. हसाजीला विचारलं तर तो नुसता डोळे पुसायचा. धोंड्यावरच्या दिव्यात रात्रीपुरतं तेल होतं. तो दुसऱ्या दिवशी चांदण्या निघेपर्यंत जळत होता.

त्याच सकाळी पलीकडच्या एका गावात एका सुतारणीच्या दारात पाळणा दिसला. त्याला चिखल नव्हता, ओल नव्हती. सुतारणीनं पोपटांच्या चोची बघितल्या आणि दारातच बसली. ज्या मुलीच्या बारशाला तिचा बाप निघाला होता, ती मुलगी आता स्वतः बाळंतीण होऊन घरात होती. पाळणा रिकामा राहिला नाही.

बेने इस्राएलांची घरं पुढं एकेक करून इस्राएल देशाला गेली. शेवटचं कुटुंब निघालं तेव्हा सगळं कुंभेरी त्यांना धोंड्यापर्यंत पोचवायला गेलं होतं. ते पोचल्याची तार येईपर्यंत कोळणींनी रोज संध्याकाळी धोंड्यावर दिवा लावला. शुक्रवारचा दिवा तर अजून लागतो, सूर्य बुडायच्या आत. कधी कोळ्याच्या घरचा, कधी आगऱ्याच्या, पाळीनं.

आणि अजून आमच्या गावात पाहुण्याला दारातून निरोप देत नाहीत. आता पूल झाला आहे, धोंड्यापाशीच एसटी थांबते. पाहुणा गाडीत बसतो, गाडी पुलावरून पलीकडं जाते, आणि घरची माणसं धोंड्यापाशी उभीच राहतात. पलीकडं पोचल्यावर ड्रायव्हरनं हॉर्न द्यायचा असतो. कधी नवा ड्रायव्हर असतो, त्याला ठाऊक नसतं. तो तसाच पुढं निघतो. तेव्हा कंडक्टर मागून सांगतो, "अरे, वाजव बाबा. माणसं उभी आहेत."