सगुणा गवंडिणीचा कोबा

फार वर्षांपूर्वी, सिमेंटची पोती बैलगाडीतून नुकती कुठे खेड्यांत पोचू लागली होती, तेव्हा निंबतळे गावात सगुणा नावाची गवंडीण राहायची. नवरा गेल्यावर त्याची थापी तिने हातात घेतली. तिने बांधलेल्या भिंतीत मुंगीलाही वाट सापडत नसे, असं म्हणतात.

त्या वर्षी गावाने धान्य वाळवायला देवळापुढे सिमेंटचा कोबा घातला. बाहेरगावचे गवंडी आले, भर उन्हात पातळ माल ओतून निघून गेले. महिन्याभरात कोबा तडकला. उखडून पुन्हा घातला, पुन्हा तडकला. समोरच्या घरात कोंडाबाई एकटी राहायची, तिचं दार कोब्याकडेच उघडायचं. लोक म्हणाले, हिचीच नजर लागते. पंचांनी ठरवलं, तिसरा कोबा पडण्याआधी कोंडाबाईने गाव सोडावं.

सगुणा चावडीवर गेली. म्हणाली, "आधी मला खणू द्या. मग कुणाला घालवायचं ते ठरवा."

तिने हातभर खणलं. खाली नुसती काळी माती. "पाटील, ही पावसात फुगते, उन्हात आखडते. हिच्यावर काय टिकणार?"

"आणि तुझाही तडकला तर?"

"तर कोंडाबाईबरोबर मीही जाईन."

सगुणाने काळी माती काढून मुरूम भरला, पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकठोक ठोकला. माल घट्ट कालवला, ऊन उतरल्यावर ओतला. आणि ओल्या कोब्यावर सुतळी धरून थापीच्या धारेने खोल रेघा ओढल्या. लोक हबकले. ती म्हणाली, "सुकताना तो आखडणारच. कुठे तडकायचं ते आपण सांगून ठेवायचं. भेग पडली तर रेघेच्या पोटात पडेल."

मग तिने कोबा गोणपाटांनी झाकला आणि चौदा दिवस ओला राहावा म्हणून दिवसातून चार वेळा भिजवू लागली. पाचव्या दिवशी कोंडाबाई घागर घेऊन बाहेर आली. मग दोघी मिळून पाणी घालू लागल्या. नवव्या दिवशी विहीर आटली, तशा त्या कोसभर लांबच्या नदीवर जाऊ लागल्या. तेव्हा चैत्राच्या कोरड्या आभाळात एक ढग आला, बरोबर कोब्याएवढा, आणि चौदावा दिवस मावळेपर्यंत हलला नाही, असं म्हणतात.

पावसाळा गेला, दुसरा उन्हाळाही गेला. कोबा अखंड राहिला. एका सकाळी पाटील कोंडाबाईच्या दाराशी आले, खाली मान घालून उंबऱ्याबाहेर बसले आणि म्हणाले, "बाई, प्यायला पाणी द्या."

सगुणा कधी गेली, ते कुणाला नक्की सांगता येत नाही. पण निंबतळ्यात आजही नवं अंगण घातलं की आधी खालची माती खणून बघतात. चौदा दिवस आळीतलं घर न् घर एकेक घागर आणून ओततं. त्यातली पहिली घागर आळीत एकट्या राहणाऱ्या बाईची. तिला बोलवायला घरधनी स्वतः जातो, आणि ती येईपर्यंत सगळे थांबतात.