तोंड बांधलेली बोळकी

बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या आयांनो, ही गोष्ट पुष्कळ पिढ्यांमागची आहे. तेव्हा एका खोऱ्यात एक गाव होतं, आणि गावामागच्या टेकडीवर राजाचं घर होतं. गावात पिढ्या बदलायच्या, वर राजा मात्र तोच असायचा. त्या खोऱ्यात लेकरांना, कधी म्हाताऱ्यांनाही, घसा सुजण्याचा ताप यायचा. त्यावर एकच औषध होतं. राजाच्या परसात एक मुळी उगवायची, तिचा काढा.

टेकडीच्या वाटेवर पूर्वी एक लोखंडी दरवाजा होता. गावाच्या पूर्वजांनी राजाशी वैर धरलं, तेव्हा त्यांनीच उभारलेला. राजाच्या मुलानं तो आपल्या हातांनी पाडला, आणि त्याच दरवाजाखाली सापडून त्याचा जीव गेला. राजानं मुलाला मूठमाती दिली आणि गावाला सांगितलं, "हा दरवाजा पुन्हा उभा करायचा नाही. ज्याला दुःख असेल त्यानं सरळ माझ्याकडे यावं. माझं लेकरू येत होतं तसं यावं."

एक पिढी तशी गेलीसुद्धा वर. मग लोकांना संकोच वाटायला लागला. शेणामातीच्या पायांनी राजासमोर कसं जायचं? बोलायला चुकलो तर? कुणीतरी तोड काढली. मातीचं एक लहानसं बोळकं तोंडाशी धरायचं, आपलं गाऱ्हाणं त्यात सांगायचं, वर फडकं बांधायचं आणि टेकडीच्या पायथ्याशी राखणदाराकडे द्यायचं. राखणदार शुद्ध माणूस, रोज तीनदा आंघोळ करणारा. तो ते वर नेईल.

राजा दर बाजाराच्या दिवशी एकटाच पायी खाली यायचा. दारोदार थांबून विचारायचा, "घरात सगळं बरं आहे ना?" पुरुष मान खाली घालायचे, बायका तोंडावर पदर ओढायच्या. सगळ्यांचं उत्तर एकच असायचं, "आपल्या कृपेनं बरं आहे." राजाला तोंडावर दुखणं सांगणं म्हणजे उद्धटपणा, असं आया मुलींना शिकवायच्या. राजपुत्राच्या आठवणीत वर्षातून एकदा सारं गाव दिवे लावायचं, गाणी म्हणायचं, रडायचं. त्यानं दरवाजा कशासाठी पाडला हे मात्र कुणी कुणाला विचारत नसे.

त्या गावात एक कुंभारीण होती. गावातलं प्रत्येक बोळकं तिच्या हातचं. काठाखाली आंगठ्यानं एक दाब द्यायची सासरची जुनी सवय तिलाही होती. तिला सात वर्षांचा मुलगा होता आणि तीन वर्षांची मुलगी.

मुलाला ताप आला. दुसऱ्या दिवशी घसा सुजला, पाणी उतरेना. कुंभारणीनं सगळ्यांत गुळगुळीत बोळकं निवडलं, त्यात रडत रडत सगळं सांगितलं आणि राखणदाराकडे दिलं.

"काका, आज न्याल ना वर?"

"माझ्यावर सोड. तू आता घरी जा. आणि पुन्हा पुन्हा विचारायला येऊ नकोस, राजाला घाई आवडत नाही."

दुसऱ्याच दिवशी बाजार होता. राजा तिच्या दाराशी थांबला. आत मुलगा कण्हत होता.

"घरात सगळं बरं आहे ना?" राजानं विचारलं.

तिनं पदर पुढे ओढला. "आपल्या कृपेनं बरं आहे."

राजा हलला नाही. त्यानं पुन्हा विचारलं, "बाई, सगळं बरं आहे ना?"

तिच्या ओठांवर आलं होतं, पण शेजारीण बघत होती. शिवाय बोळकं दिलंच होतं. तेच पुन्हा तोंडानं सांगितलं तर राखणदारावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं तिला वाटलं. ती म्हणाली, "बरं आहे."

राजा पुढे गेला. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

शेजारीण भेटायला आली, म्हणाली, "गाऱ्हाणं सांगताना तुझं मन एकाग्र नसेल गं. नाहीतर राजा असा नाही." कुंभारणीनं तेही खरं मानलं. तिनं एकवीस दिवस अळणी खाऊन काढले.

बाविसाव्या दिवशी मुलीचा घसा सुजला.

नवरा चाकापाशी बसून होता, चाक थांबलेलं. तो म्हणाला, "बाजाराला अजून पाच दिवस आहेत. ही पाच दिवस काढत नाही."

"बोळकं देते."

"दे. पण या वेळी विचार त्याला, मागच्याचं काय झालं."

ती मुलीला खांद्यावर टाकून निघाली. राखणदार आंघोळीला नदीवर गेला होता. त्याच्या घरामागे एक लांबलचक छपराची खोली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. हातातलं बोळकं सावलीत ठेवावं म्हणून तिनं ते ढकललं.

आत भिंतीपासून भिंतीपर्यंत, आढ्यापर्यंत बोळकी रचलेली होती. प्रत्येकाच्या काठाखाली आंगठ्याचा दाब. खालची तिच्या सासूच्या हातची, त्याखालची त्याहून जुनी. सगळ्यांची तोंडं बांधलेली. सर्वांत वर, अजून धूळही न बसलेलं एक बोळकं होतं. त्याचं फडकं तिनं स्वतःच्या लुगड्याच्या काठातून फाडलेलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा राखणदार ओल्या अंगानं उभा होता.

"काका, हे वर गेलंच नाही."

राखणदारानं पुढे होऊन खोलीचं दार ओढून घेतलं.

"तुम्ही कधी गेला आहात वर?"

"माझे आजोबा गेले होते म्हणतात," तो म्हणाला. "मी अर्ध्या वाटेपर्यंत जायचो, लहानपणी. पुढे पाय उचलेना. तुला काय वाटतं, मला झोप लागते? पण एवढ्या सगळ्यांचं दुःख घेऊन त्याच्यासमोर उभं राहायचं कुणी?"

कुंभारणीनं मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि वाट धरली.

"अगं, हात बघ तुझे, कोपरापर्यंत चिखल आहे. निदान धुऊन तरी जा."

तिनं मागे पाहिलं नाही. लेकरू खांद्यावर घुरघुरत होतं. अर्ध्या चढावर तो लोखंडी दरवाजा आडवा पडलेला दिसला. गंजलेला, त्यावर गवत वाढलेलं. तिथे कुणी पहारा देत नव्हतं. ती त्यावर पाय देऊन पुढे गेली.

राजा अंगणात, पायरीवर बसलेला होता. ती काय म्हणणार होती ते तिला आठवेना. वाटेत जुळवलेले आदराचे शब्द सगळे गळून गेले. ती एवढंच म्हणाली, "माझं लेकरू मरतंय. औषध द्या."

राजा उठला. त्यानं तिचे हात पाहिले नाहीत. स्वतः परसात जाऊन मुळी उपटली, स्वतः चूल पेटवली, आणि तिच्या मांडीवरच्या पोरीला थेंब थेंब काढा पाजला. दुपार कलता कलता पोरीनं पाणी मागितलं.

तेव्हा कुंभारणीला रडू फुटलं.

"माझा मुलगाही जगला असता?"

"हो," राजा म्हणाला.

"मग तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का, तो आत कण्हत होता ते?"

"आलं होतं. म्हणून तर दुसऱ्यांदा विचारलं." राजानं पोरीच्या कपाळावरचा घाम पुसला. "मी जबरदस्तीनं कुणाच्या घरात शिरत नाही, बाई. तसा शिरलो तर तुम्ही मला आणखी भ्याल. मी माझा मुलगा दिला, वाट मोकळी केली, दाराशी येऊन विचारलं. तुम्ही म्हणता, बरं आहे. मग मी त्या प्रत्येक लेकरासाठी इथे बसून रडतो."

ती दोघं एकाच पायरीवर बसली होती. एकाचा मुलगा गेलेला, दुसरीचाही.

मुलीला कडेवर घेऊन ती गावात आली आणि तिनं दारोदार सांगितलं. काही जणी त्याच दिवशी वर गेल्या. पुष्कळ जण गेले नाहीत. "ती पहिल्यापासून जरा उद्धटच," शेजारीण म्हणाली. "एखादीचं खपून जातं. आपलं खपेलच असं नाही."

पुढच्या महिन्यात राखणदाराच्या म्हाताऱ्या बायकोचा घसा सुजला. कुंभारीण धावत गेली.

"काका, चला. मी येते बरोबर. काकूंना उचलायला माझा नवराही येतोय."

"मी कोणत्या तोंडानं जाऊ?" राखणदार म्हणाला. "त्या खोलीतलं एकेक बोळकं माझ्या नावानं ओरडेल."

"असल्याच तोंडानं जायचं असतं. त्याला ठाऊक आहे सगळं. त्यानं मला एका शब्दानं बोल लावला नाही."

"तुझी गोष्ट वेगळी. थांब, तीन दिवस उपास करतो. थोडा शुद्ध होतो, मग जातो."

"मग मी जाते. मुळी घेऊन येते."

"नको. ते दुखणं माझ्या घरचं आहे, मागायचं तर मीच मागेन." तो दारात आडवा उभा राहिला. म्हातारीकडे कुणाला फिरकू दिलं नाही. त्यानं उपास केला, तीनाच्या ठिकाणी सात आंघोळी केल्या. तिसऱ्या दिवशी, तो केस पुशीत असताना, म्हातारीचा श्वास थांबला.

राजा तिच्या मातीला आला. त्यानं तिरडीला खांदा दिला. राखणदार त्याच्यापासून दोन हातांवर चालत होता, पण नदीपर्यंतच्या साऱ्या वाटेत त्यानं एकदाही मान वर केली नाही. राजा आपल्याकडे बघत चालला आहे, हे त्याला कधी कळलंच नाही.

बोध: राजपुत्रानं दरवाजा पाडला, तशी देवाच्या पुत्रानं वाट मोकळी केली आहे, म्हणून देवबापाकडे जाताना आधी चांगलं होण्याची वाट पाहू नये, मळलेल्या हातांनी, न भिता, आजच जावं.