सात लोकरी कपडे

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या अलीकडे एक गाव होतं आणि डोंगराच्या पलीकडे एक गाव होतं. मधे खिंड. अलीकडच्या गावात लोकर कातणारी एक बाई राहायची, तिचं नाव धुरपदाबाई. पलीकडच्या गावात तिची लेक दिली होती. लेकीचं नाव म्हाळसा, पण आई तिला म्हाळूच म्हणायची. गोष्ट या दोघींची आहे, आणि एका बाळाची. बाळाला अजून बोलता येत नव्हतं, म्हणून तर सगळा घोटाळा झाला.

धुरपदाबाईच्या हाताला गुण होता. मेंढीची लोकर ती धुवायची, पिंजायची, आणि एकदा चरख्याशी बसली की धागा असा निघायचा की बघणाऱ्याने बघतच राहावं. त्याच धाग्याची ती दोन सुयांवर टोपडी, बंड्या, पायमोजे विणायची आणि आसपासच्या जत्रांमध्ये पाल ठोकून विकायची. तिकडच्या जत्रेत लोकर घेण्याची एक रीत होती. बायका लोकर हाताने चाचपून घेत नसत, गालाला लावून घेत. धुरपदाबाईची लोकर गालाला लागली की बाई डोळे मिटायची आणि घासाघीस करायचीच विसरायची.

कुणी विचारलं, "एवढी मऊ कशी हो कातता?" तर ती सांगायची, "पीळ बेताचा द्यावा. सैल धाग्यात ऊब राहते. फार पिळला की त्याचा दोर होतो."

शहाणी बाई होती. पण शहाणपण चरख्यापुरतं! एरवी तिचा जीव सदा टांगणीला. त्यालाही कारण होतं म्हणा. म्हाळू तीन वर्षांची असताना तिला गोवर आला होता. सहा दिवस पोरीने डोळा उघडला नाही. सातव्या दिवशी उघडला, पाणी मागितलं, आणि पंधरवड्यात पोर अंगणभर नाचायला लागली. आई मात्र त्या सहा दिवसांतून कधी बाहेर आलीच नाही. पोर शिंकली की ही काढा उकळायला घेई. पोर विहिरीवर गेली की ही दारात उभी. नवरा बिचारा समजूत घालून घालून थकला आणि एक दिवस देवाघरी गेला. म्हाळूचं लग्न झालं तेव्हा ही बाई वरातीच्या गाडीमागून खिंडीपर्यंत चालत गेली आणि गाडीवानाला सतरा वेळा बजावून आली, "बैल हळू हाका हो."

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. मुलगा झाला. तीन महिने धुरपदाबाईने मायलेकरांना डोळ्यांत तेल घालून जपलं. बाळाला न्हाऊ ती घाली, शेक ती देई, बाळ कुरकुरलं की आईच्या आधी आजी धावे. म्हाळूने हात पुढे केला की म्हणे, "तू राहू दे गं, तुला नाही जमायचं." चौथ्या महिन्यात सासरची गाडी आली आणि दोघांना घेऊन गेली.

मग सुरू झाल्या खेपा. दर आठ दिवसांनी धुरपदाबाई खिंड ओलांडून लेकीच्या दारात हजर. आल्या आल्या बाळाचं कपाळ चाचपायचं, आणि मग प्रश्नांची सरबत्ती. तेल कोमट होतं ना? मांजर आत येतं का? एवढा बारीक का दिसतोय? निघताना आणखी पन्नास सूचना. म्हाळू सगळ्याला मान डोलवायची.

म्हाळूची सासू जिभेने फटकळ, पण मनाने मोकळी. एकदा ती हसत हसत म्हणाली, "विहीणबाई, राग मानू नका. पण तुम्ही परत गेलात की आमची सून दोन दिवस बाळाला हात लावायला भिते. तिसऱ्या दिवशी जरा सावरते, तोवर तुमची पुढची खेप!"

धुरपदाबाईने राग मानलाच. यांना काय कळणार, मनात म्हणाली, सासूच ती शेवटी.

पौष उजाडला आणि थंडी पडली. लेकीचं गाव उंचावर, तिथे वारा जास्त. धुरपदाबाई उठता बसता खिंडीकडे बघायची. बाळाच्या कानात वारा गेला तर? छातीत कफ भरला तर? शेवटी ती चरख्याशी बसली. उत्तमातली उत्तम लोकर काढली, हातही नेहमीसारखा चालला. पण मनात आलं, सैल धाग्यातून वारा शिरला तर? म्हणून चाकाला एक फेरा जास्त दिला. मग वाटलं, अजून एक देऊ. आणि अजून एक. धागा ताठ झाला. हातातून सोडला की स्वतःभोवतीच वेटोळी घालायला लागला. जन्मभर जगाला 'पीळ बेताचा द्यावा' सांगणारी बाई, तिने तो धागा ओढून धरला, गुंडाळून त्याच्या गुंड्या केल्या आणि टाक्याला टाका घट्ट भिडवत विणायला बसली. टोपडं, कानपट्टी, बंडी, बंडीवर घालायला दुसरी बंडी, विजार, पायमोजे आणि वरून गुंडाळायला दुपटं. सात कपडे झाले.

खिंडीच्या पायथ्याला पौषात जत्रा भरायची. तिथून लेकीचं गाव जवळ. उरलेल्या लोकरीच्या गुंड्या आणि ते सात कपडे घेऊन धुरपदाबाई जत्रेला गेली. पाल ठोकलं, माल मांडला. दरवर्षीची एक कुंभारीण आली. तिने गुंडी उचलली, गालाला लावली आणि झटकन दूर केली.

"धुरपदाबाई, यंदा मेंढ्या बदलल्यात का?"

"मेंढ्या त्याच आहेत की."

"मग कातणारी बदलली असेल," कुंभारीण म्हणाली आणि पुढच्या पालाकडे गेली.

हा टोमणा लागला. धुरपदाबाईला वाटलं, आपणही एकदा गालाला लावून बघावं. गुंडी उचललीही होती. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, पाल फडफडलं, आणि तिने गुंडी खाली ठेवली. असाच वारा आत्ता बाळाला लागत असेल! झालं. कुठली जत्रा आणि कुठलं गिऱ्हाईक! तिने पाल उतरवलं, बोचकं बांधलं आणि खिंडीची वाट धरली.

ती पोचली तेव्हा ओट्यावर छान ऊन पडलं होतं. गोधडीवर बाळ उघड्या डोक्याने हातपाय उडवत होतं आणि आपल्याशीच हसत होतं. विहीणबाई मेंढ्यांमागे रानात गेल्या होत्या. म्हाळू आईला बघून हरखली.

"आई, बघ ना, पालथा पडायला लागला! कालपासून!"

आईने ऐकलंच नाही. "डोकं उघडं! अगं, डोकं उघडं या पोराचं!" म्हणत तिने बाळाला उचललं, आत नेलं, दार लावलं आणि बोचकं सोडलं. आधी टोपडं, त्यावर कानपट्टी. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं. मग बंडी. बाळाने भोकाड पसरलं.

"बघ! थंडी भरलीच होती अंगात," धुरपदाबाई म्हणाली आणि दुसरी बंडी चढवली.

म्हाळूने बाळाला पदराखाली घेतलं, पण ते दूध तोंडात घेईना. ती म्हणाली, "आई, हे कपडे त्याला आवडत नाहीत वाटतं. काढू का?"

"तुला काय कळतंय? तुझ्या गोवरात सहा दिवस मी काय भोगलंय, माझं मला ठाऊक! आण ती शेगडी इकडे."

शेगडी आली. विजार आली, पायमोजे आले. बाळ रडे तसा आजीला घोर, आजीला घोर तसा बाळावर आणखी एक कपडा. रडून रडून बाळाचं तोंड लालबुंद झालं. धुरपदाबाईने बाळाच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"ताप आला गं बाई! भाजतंय अंग!" आणि तिने सातवं दुपटंही गुंडाळलं.

थोड्या वेळाने बाळ रडायचं थांबलं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे. हाक मारली तरी बघेना. तेच ते, धुरपदाबाईच्या मनात आलं, तेच सहा दिवस परत आले. तिला देव आठवेना की देवाचं नाव.

म्हाळूचा हात टोपड्याच्या बंदाकडे गेला. धुरपदाबाईने तिचं मनगट घट्ट धरलं. "सोडू नकोस! वारा लागेल!"

म्हाळूने हात सोडवून घेतला नाही. ती अगदी हळू म्हणाली, "आई, मला वाटतं त्याला उकडतंय. पण मला कुठे काही कळतं? तूच सांग. काढू?"

धुरपदाबाईने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. ते घाबरलेले डोळे तिच्या ओळखीचे होते. वीस वर्षं ती तसेच डोळे घेऊन जगली होती. मांडीवर बाळ गळून पडलंय आणि ही पोर त्याची आई असून परवानगी मागतेय! ही बाळाच्या दुखण्याला जेवढी भीत नाही तेवढी मला भीतेय, हे तिला कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

सांगायचं तर होतं. पण काय सांगणार? ताप असला आणि कपडे काढले तर? उकाडा असला आणि तसेच ठेवले तर? खरं म्हणजे धुरपदाबाईलाही कळत नव्हतं. कळत होतं असा आव तेवढा वीस वर्षं होता. तिने लेकीचं मनगट सोडलं.

"बाळ तुझं आहे पोरी," ती म्हणाली. "तुला वाटतंय ते कर."

म्हाळूने पुन्हा विचारलं नाही. भराभरा बंद सोडले. दुपटं, विजार, दोन्ही बंड्या, टोपडं, सगळं बाजूला टाकलं. शेगडी बाहेर नेली, दार सताड उघडलं, ओल्या फडक्याने बाळाचं अंग पुसायला लागली. गळ्याभोवती लाल वळ, पाठीवर पुरळ, छातीवर टाक्यांची नक्षी उमटलेली. बाळ हललं नाही. धुरपदाबाईने भिंत धरली. म्हाळू फडकं पिळत होती आणि पुसत होती, पुसत होती आणि बाळाशी बोलत होती.

मग बाळ शिंकलं, आणि पाठोपाठ त्याने असा टाहो फोडला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. म्हाळूने त्याला छातीशी धरलं तसं ते घटाघटा दूध प्यायलं. पोट भरेपर्यंत अंग निवलं होतं.

धुरपदाबाई खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मग तिने ते टोपडं उचललं. हाताला ते काथ्यासारखं लागलं.

"पोरी, ताप नव्हता गं. माझी लोकर टोचत होती त्याला, आणि उकाड्याने जीव चालला होता. जत्रेत एकीने तोंडावर सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही."

"मला आधीच वाटत होतं," म्हाळू म्हणाली. "मीच बोलायला हवं होतं."

"तुला बोलू कुठे देते मी?"

संध्याकाळी विहीणबाई रानातून आल्या. सगळं ऐकलं, झोपलेल्या बाळाची पाठ बघितली. धुरपदाबाईने मान खाली घातली होती. विहीणबाईंनी तिच्यापुढे भाकरीचं ताट सरकवलं आणि म्हणाल्या, "जेवा आता. आणि तो धागा ठेवून जा हो, पोत्यांची तोंडं शिवायला बरा आहे." धुरपदाबाईला हसू आलं आणि तिने भाकरी मोडली.

सकाळी ती निघाली. म्हाळू बाळाला कडेवर घेऊन अंगणात आली. धुरपदाबाईच्या जिभेवर पन्नास सूचना येऊन उभ्या राहिल्या. तिने तोंड घट्ट मिटलं. मग म्हणाली, "येते," आणि वळली.

दहा पावलं गेली असेल नसेल, मागून हाक आली. "आई, खिंडीकडून वारा सुटलाय. याचे कान झाकू का?"

झाक, आत्ताच्या आत्ता झाक, आणि आत घेऊन जा! उत्तर ओठांवर आलं होतं. धुरपदाबाईने ते कसंबसं गिळलं.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

म्हाळूने बाळाकडे पाहिलं, ओट्यावरच्या उन्हाकडे पाहिलं. "ऊन आहे तोवर नको," ती म्हणाली. "दुपार कलली की झाकीन."

"बरं," धुरपदाबाई म्हणाली आणि चालायला लागली. खिंड चढेपर्यंत तिने तीनदा मागे वळून पाहिलं, पण परत फिरली नाही.

तात्पर्य म्हणाल तर एवढंच: आपली काळजी आपण वाहावी. लेकरांच्या अंगावर ती चढवली की ऊब मिळत नाही, त्यांचा जीव गुदमरतो.