भिवबानं काय काय सोडलं

नदीकाठच्या एका गावात एक भोळा कुंभार होता. नाव भिवबा. भोळा असं लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे. पाठीमागे गाव दुसरा शब्द वापरायचं, आणि तो दुसरा शब्दच बरोबर होता.

भिवबाला काही सांगितलं की तो ते करायचा. जेवढं सांगितलं तेवढंच आणि जसं सांगितलं तसंच. बायको म्हणाली, "दुधावर लक्ष ठेवा," की हा लक्ष ठेवायचा. दूध वर यायचं, उतू जायचं, चूल विझायची. हा आपला लक्ष ठेवून बसलेला.

एकदा त्या गावच्या देवळात एक महाराज उतरले. श्री निरहंकारानंद महाराज. नाव पूर्ण घ्यावं लागे. एका म्हातारीनं घाईत नुसतं "अहो महाराज" म्हटलं, तर ते दिवसभर तिच्याकडे पाठ करून बसले. त्यांचं आसन देवाच्या चौथऱ्याहून चार बोटं उंच होतं. शिष्यांनी चुकून बरोबरीला मांडलं होतं, ते त्यांनी स्वतः सांगून वर घ्यायला लावलं.

"अहंकार सोडा," महाराज वरून सांगत. "अहंकार सुटला की देव स्वतः घरी येतो."

गावानं ऐकलं, प्रसाद खाल्ला आणि गाव घरी गेलं. भिवबा बसून राहिला. देव घरी येतो, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं होतं. मागल्या वर्षी त्याची आई गेली होती. ती तिकडे पोटभर जेवते का, एवढंच त्याला देवाला विचारायचं होतं.

तो आसनापाशी गेला. "महाराज, अहंकार कसा सोडायचा?"

"सोपं आहे. मी आणि माझं, हे दोन शब्द तोंडातून काढायचे नाहीत."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग देव येणार?"

"येणार, येणार. नीघ आता."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. भिवबानं गाढवावर मडकी लादली आणि बाजारात जाऊन उभा राहिला. एक मिशाळ माणूस आला. त्यानं गाढवाचे दात पाहिले, पाठ थोपटली.

"कुणाचं रे हे गाढव?"

'माझं' तोंडाशी आलं, ते भिवबानं गिळलं.

"तुझं आहे का?"

"तसं म्हणता येत नाही," भिवबा म्हणाला.

"मग कुणाचं?"

"तेही सांगता येत नाही."

"म्हणजे बेवारशी," मिशाळ माणूस म्हणाला. त्यानं दावं सोडलं. गाढव जागचं हलेना. तेव्हा भिवबानंच मागून ढकललं, कारण गाढवाला ढकलू नको असं महाराज म्हणाले नव्हते. मडक्यांसकट गाढव गेलं.

संध्याकाळी तो देवळात आला. सगळं ऐकून महाराजांनी कपाळावर हात मारला.

"अरे मूर्खा, आपल्या वस्तूला माझं म्हणायचं! फक्त कुणी कौतुक केलं तर ते आपल्याकडे घ्यायचं नाही. म्हणायचं, यात माझं काही नाही, ही दुसऱ्याची कृपा."

"असं होय! हे आधी नाही सांगितलंत."

"आता सांगितलं."

"आता ध्यानात ठेवतो," भिवबा म्हणाला आणि मान डोलवत घरी गेला.

घरी त्याच्या मुलाचं बारसं होतं. बायको सगुणा नवं लुगडं नेसून पाळण्याशी बसली होती. सासरे तात्या बैलगाडी जोडून आले होते. शेजारचा दगडू लोहार ओट्यावर घुगऱ्या खात होता. पाळणा म्हणून झाला. गावातल्या एका आत्याबाईंनी पोराची हनुवटी धरली.

"काय देखणं पोर आहे हो भिवबा! शाबास तुमची!"

भिवबानं हात जोडले. "यात माझं काही नाही, आत्याबाई. ही दुसऱ्याची कृपा."

बायका हसायच्या थांबल्या. तात्यांनी पागोटं नीट केलं. "दुसऱ्याची म्हणजे कुणाची, जावईबापू?"

हे महाराजांनी सांगितलं नव्हतं. भिवबानं आपल्या डोक्यानं विचार केला. तो असा विचार करायला लागला की जवळच्या माणसांनी लांब व्हावं.

"शेजाऱ्यापाजाऱ्यांची," तो म्हणाला.

दगडू लोहाराला घुगऱ्यांचा ठसका लागला. लोहारीण त्याच्या पाठीत थापट्या मारायला धावली, आणि ठसका थांबल्यावरही मारतच राहिली. सगुणानं पोर उचललं आणि बापाच्या गाडीत जाऊन बसली.

"कुठं निघालीस?" भिवबानं विचारलं.

"दुसऱ्याच्या कृपेनं माहेरी," सगुणा म्हणाली. गाडी गेली.

महाराजांनी हे ऐकलं तेव्हा ते दूध पीत होते. दूध नाकात गेलं.

"अरे ठोंब्या! कौतुकाचं राहू दे. तुला ते झेपायचं नाही. तू निंदेपासून सुरुवात कर. कुणी दोष दिला तर वाद घालायचा नाही. म्हणायचं, होय बाबा, मी त्याहूनही वाईट आहे."

"असं होय! हे आधी नाही सांगितलंत."

"आता सांगितलं."

"आता ध्यानात ठेवतो."

नेमका त्याच दिवशी पाटलाचा बोकड हरवला. पाटलानं सगळं गाव चावडीवर बोलावलं आणि एकेकाच्या अंगावर ओरडत सुटला. ओरडत ओरडत तो भिवबापाशी आला.

"तू चोरलास काय रे बोकड?"

"होय पाटील. मी त्याहूनही वाईट आहे."

पाटील चकित झाला. आजवर इतक्या लवकर कुणी कबूल झालं नव्हतं. "त्याहून वाईट म्हणजे? अजून काय चोरलंस?"

"तुम्ही सांगाल ते."

"आमची तांबडी कोंबडी?" मागून कुणीतरी विचारलं.

"मीच."

"माझी नथ?"

"मीच."

"आणि मागल्या साली आमचा आजा गेला, तो?" एक जण रडत म्हणाला.

"तोही मीच, बाबा."

मग गावानं त्याला बडवला. ज्याचं काही हरवलं होतं त्यानं बडवला आणि ज्याचं काही हरवलं नव्हतं त्यानंही हात धुऊन घेतले. मार संपत आला तेव्हा बोकड देवळामागून आला. महाराजांच्या गळ्यातले कालचे हार तो खात होता. पाटलानं बोकड पाहिला, भिवबा पाहिला आणि म्हणाला, "बोकड सापडला म्हणून काय झालं? कोंबडीचं तर त्यानं कबूल केलंय!" माफी कुणी मागितली नाही.

सुजलेल्या तोंडानं भिवबा देवळात गेला. "महाराज, अहंकार गेला का?"

महाराजांचा आता संताप झाला होता. संताप झाला की ते फार सोपं बोलत.

"हे बघ. डोकं चालवू नकोस. ज्या वस्तूचा अभिमान वाटेल, छाती फुगेल, ती वस्तू सोडून द्यायची. हातात असेल तर हातातून. त्याच क्षणी. मागंपुढं बघायचं नाही. कळलं?"

"असं होय! हे आधी नाही..."

"नीघ!"

भिवबाला घर खायला उठलं होतं. चूल थंड, पाळणा रिकामा. त्यानं ठरवलं, सासुरवाडीला जाऊन सगुणाला आणायचं. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून त्यानं एक रांजण घडवला. भिवबा मूर्ख होता, पण चाकावर बसला की त्याचे हात शहाणे होत. असा रांजण त्या पट्टीत कुणी पाहिला नव्हता. टिचकी मारली की घंटेसारखा वाजायचा. तो त्यानं पोटाशी धरून सासरच्या दारापर्यंत नेला.

तात्या दारात उभे राहिले. आधी त्यांनी जावयाकडे रागानं पाहिलं. मग रांजणाकडे पाहिलं आणि राग उतरला. त्यांनी टिचकी मारून पाहिली.

"वा! जावईबापू, डोकं नाही तुम्हाला, पण हात देवाचे आहेत."

आतून सगुणा आली. तिच्या कडेवर पोर होतं. कितीतरी दिवसांनी ती हसली. "बाबा, असा रांजण यांच्याशिवाय कुणाला जमायचा नाही. मी जाते घरी. लुगड्याची घडी घालते तेवढी."

भिवबाची छाती फुगली. ती फुगल्याचं त्याला चांगलंच जाणवलं. रांजण हातात होता. मागंपुढं बघायचं नव्हतं.

त्यानं रांजण सोडला. तो थेट तात्यांच्या पायावर आदळला.

तात्या इतके ओरडले की वेशीपाशी बांधलेले बैल उठून उभे राहिले. सगुणानं फुटके तुकडे पाहिले, बापाचा पाय पाहिला आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

 भिवबाला वाटलं, आता सगळंच सुटलं, देव आलाच पाहिजे. तो थेट देवळात गेला, तर महाराज मुक्काम हलवत होते. पलीकडच्या काठावरच्या गावात त्यांची मिरवणूक निघायची होती. कोळ्यांची डोण, लहानशी होडी, तयार होती, पण महाराज डोणीत बसेनात.

"माशांचा वास येतो. शिवाय ती फार खाली आहे. लोकांना मी दिसणार कसा?"

त्यांनी भिवबाचे खांदे पाहिले. माती तुडवून तुडवून तो बैलासारखा झाला होता. महाराज म्हणाले, "चल, तुला सेवा देतो," आणि त्याच्या मानेवर चढून बसले. भिवबानं त्यांचे पाय घट्ट धरले आणि पाण्यात शिरला. अलीकडच्या काठावर भिवबाचं गाव निरोप द्यायला उभं होतं. पलीकडे हलगी कडाडत होती. तिथला एक शेटजी हार घेऊन उभा होता. "श्री निरहंकारानंद महाराज की जय!" लोक पूर्ण नाव घेत होते.

"बघ, बघ," वरून महाराज म्हणाले. "एवढी माणसं कुणासाठी आलीत? या मुलखात माझ्याइतका अहंकार कुणीच सोडलेला नाही."

मधल्या धारेत भिवबा थांबला. "महाराज, माझी छाती फुगली."

"फुगणारच. कुणाला डोक्यावर घेतलंयस!"

"लई अभिमान वाटायला लागला, महाराज. तुमचाच."

"वाटू दे, वाटू दे!"

भिवबानं पाय सोडले आणि खांदा झटकला.

महाराज आधी आडवे झाले, मग उलटे. शाल एकीकडे गेली, खडावा दुसरीकडे. "अरे धर! गाढवा, धर!" असं ओरडत ते धारेबरोबर गेले. बरं तर बरं, खालच्या वळणावर कोळ्यांनी आडवं जाळं लावलं होतं. वरून वाहून येईल ते तिथं अडकायचं. महाराजही अडकले, आणि कोळ्यांना आधी वाटलं, मोठी मगर आली.

भिवबा एकटाच पलीकडच्या काठावर चढला. शेटजी हार घेऊन पुढे आला.

"महाराज कुठायत?"

"सोडले."

"सोडले? कुठं?"

"नदीत. त्यांचा अभिमान वाटायला लागला, म्हणून."

शेटजीनं हाराकडे पाहिलं. हार सुकत चालला होता. पंगत खोळंबली होती. एवढा थाट वाया कसा घालवायचा?

"अहो, लोक घरदार सोडतात," तो ओरडला. "यानं गुरूसुद्धा सोडला! याच्यापुढे ते महाराज काय?" आणि त्यानं हार भिवबाच्या गळ्यात घातला. हलगी पुन्हा कडाडली. बायका पाया पडल्या. जो तो म्हणू लागला, मला आधीपासूनच त्या महाराजांविषयी शंका होती.

भिवबाची छाती पूर्वी कधी फुगली नव्हती एवढी फुगली. त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे. मग हा अभिमान वाटतोय कशाचा? त्यानं पुष्कळ विचार केला, आणि त्याला कळलं. वाटतोय तो आपला स्वतःचाच.

त्यानं हार काढून शेटजीच्या हातात दिला, काठावर गेला आणि स्वतःला नदीत सोडून दिलं.

लोकांनी हात जोडले. धारेनं त्याला ओढलं. पण भिवबा नदीकाठचा. पाणी अंगाला लागताच हात आपोआप चालू लागले, पाय आपोआप चालू लागले, आणि तो धार कापत निघाला. अलीकडच्या काठावरून दगडू लोहारानं ते पाहिलं. तो बारसं विसरला, लोहारणीचा मार विसरला, आणि तोंडाशी हात धरून ओरडला,

"शाबास रे भिवबा! मार हात! आख्ख्या नदीत तुझ्यासारखा पोहणारा नाही!"

भिवबानं ते ऐकलं. त्याची छाती फुगली. मागंपुढं न बघता त्यानं पोहणं सोडून दिलं.