अरुंद चौकटीतली लांब ओळ

शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवून छपाई व्हायची, तेव्हाची गोष्ट. जत्रेच्या कार्यक्रमाच्या तक्त्यात ‘परगावच्या पाहुण्यांना झुणका आणि भाकर’ ही लांब ओळ एका अरुंद चौकटीत शिरली आणि अडकली.

“सरक की गं जरा,” ती चौकटीच्या उभ्या रेघेला म्हणाली.

“मी सरकले तर शेजारचा ‘पोवाडा’ चिरडेल. तूच वाक, बाई.”

“मी? आमच्या घराण्यात कुणी वाकत नाही!”

“मग शेवटची भाकर कापतील. पाहुण्यांना चाटायला नुसता झुणका!”

ओळ दचकली आणि मुकाट्यानं दुमडून दुमजली बसली. तिच्यासाठी तक्त्यातली ती अख्खी आडवी रांग उंच झाली.

डोक्यावरची मोकळी जागा पाहून ‘पोवाडा’ छाती फुगवून म्हणाला, “बघा, केवढा वाढलो मी!”

ओळ गालात हसली. तिची भाकर शाबूत होती.