शेवग्याच्या फुलांचं आईस्क्रीम

एका नगरात, जिथे उन्हाळा आठ-आठ महिने मुक्काम ठोकून बसे, एक आईस्क्रीमवाला राहत होता. डोंगरावरून राणीसाहेबांच्या बर्फघरात बर्फ येई, त्यातला काही त्याला मिळे, आणि त्यावर त्याचं दुकान चाले.

हा आईस्क्रीमवाला आंबा-पिस्त्याच्या वाटेला जायचाच नाही. तो कढीपत्त्याचं आईस्क्रीम करी, भाजलेल्या वांग्याचं करी, चिंच-गुळाचं करी. पहिल्या दिवशी तर लोक दारातच थबकले होते. "वांग्याचं? अहो, घरी भरीत टाळून इथं आलो, तर इथंही वांगंच!" पण चमचा तोंडात गेला आणि सगळे गप्प झाले. खरंच छान होतं ते. माणसाच्या हाताला चव होती, यात काही वाद नाही.

पण कौतुक फार झालं की माणसाचं डोकं फिरतं. एकदा कुणीतरी म्हणालं, "मेथीचं जरा कडू लागतंय." आईस्क्रीमवाल्याला ते इतकं झोंबलं की त्याने दुकानात पितळेची घंटा टांगली. कुणी तोंड वाकडं केलं की तो घंटा बडवून ओरडे, "रानटी जीभ आली हो, रानटी जीभ!" मग सगळं दुकान खो खो हसे.

सगुणा नावाची एक कासारीण तिथे आली होती. ठेच्याचं आईस्क्रीम चाखून ती सरळ म्हणाली, "मालक, मिरची लई झालीय. दूध कुठं लागतच नाही." घंटा वाजली. सगुणा लाल डोळ्यांनी निघून गेली आणि पुन्हा फिरकली नाही.

त्यानंतर दुकानात कुणाचंच तोंड वाकडं होईना. आईस्क्रीमवाला खूश होता. काही गिऱ्हाईकं घास तोंडात धरून कोपऱ्यापर्यंत कशी चालत जातात आणि तिथे काय करतात, हे त्याने कधी वाकून पाहिलं नाही.

एके दिवशी निरोप आला. खुद्द राणीसाहेब दुकानात येणार होत्या. आईस्क्रीम आवडलं तर बर्फघराचा सगळा बर्फ त्याला. नाही आवडलं तर बर्फ दुसऱ्याला, आणि बर्फाशिवाय आईस्क्रीमवाल्याने दुकान उघडून करायचं काय?

त्याने आजवर कुणी न केलेला प्रकार निवडला, शेवग्याच्या फुलांचं आईस्क्रीम. पहाटेच बैठक मांडली. लाकडी बादलीत आटीव दुधाचा डबा ठेवला, डब्याभोवती बर्फ आणि खडेमीठ भरलं आणि दांडा फिरवत बसला. आईस्क्रीम काही केल्या नीट घट्ट होईना. "आज उकाडाच फार," तो स्वतःशी म्हणाला.

त्या दिवशी होती संकष्टी. चंद्र उगवेपर्यंत तो पाण्याचा थेंबही घेत नसे, मग चाखणार कसा? त्याने तीन जुन्या गिऱ्हाइकांना बोलावलं, वैद्यबुवा, पंतोजी आणि सराफ.

"कसं झालंय?"

"वा!" वैद्यबुवा म्हणाले.

"अपूर्व!" पंतोजी म्हणाले.

सराफांनी नुसते डोळे मिटून मान डोलावली. घास अजून तोंडातच होता, त्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं.

दुपारी राणीसाहेब आल्या. दुकान माणसांनी गच्च भरलं. चांदीच्या वाटीतला एक चमचा त्यांनी तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा आक्रसला. पदराने तोंड पुसत त्या खोकू लागल्या.

आणि आईस्क्रीमवाल्याचा हात सवयीने घंटेकडे गेला!

दोरीला हात लागला आणि मग तो भानावर आला. त्याने दोरी सोडून दिली.

"हे काय खाऊ घातलंत?" राणीसाहेब म्हणाल्या. "शेवगा कुठाय यात? नुसतं मीठ आहे हे. तुम्ही चाखलंत का?"

"आज माझा निर्जळी उपास आहे, राणीसाहेब. पण या तिघांना चाखवलं होतं. तिघांनीही वाखाणलं."

राणीसाहेब वैद्यबुवांकडे वळल्या. "खरं सांगा, सकाळी कसं लागलं?"

वैद्यबुवांनी मान खाली घातली. "खारट. पहिल्याच चमच्याला कळलं होतं."

आईस्क्रीमवाल्याने डबा उचलून उजेडात धरला. तळाशी बारीक चीर गेली होती. भोवतीचं मिठाचं पाणी पहाटेपासून दुधात झिरपत होतं. पण त्याचं काळीज हललं ते चीर बघून नव्हे. ज्यांना तो आपली माणसं समजत होता, त्यांना हे ठाऊक होतं आणि त्यांनी त्याला या क्षणापर्यंत चालत येऊ दिलं होतं. "वैद्यबुवा, तुम्हीसुद्धा?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"घंटा वाजली असती ना," वैद्यबुवा हळूच म्हणाले.

त्या वर्षीचा बर्फ एका कुल्फीवाल्याला गेला. दुकानाला कुलूप लागलं.

रिकामा आईस्क्रीमवाला एके सकाळी सगुणेच्या दुकानी जाऊन उभा राहिला. ती एका नव्या नवरीला चुडा भरत होती. पोरगी "आई गं!" म्हणून कळवळली, तशी सगुणा तिथेच थांबली. बांगडी अलगद काढून तिने मोठ्या मापाची घेतली.

"बघा मालक," मान वर न करता ती म्हणाली, "ही कळवळली म्हणून मला माप कळलं. हिला हसले असते, तर हिनं ओठ दाबून धरले असते आणि काच हिच्या हातात शिरली असती."

आईस्क्रीमवाल्याने विचारलं, "ठेच्याचं खरंच तेवढं तिखट होतं?"

"माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. आणि मेथीचं कडूच होतं. वांग्याचं मात्र झकास."

तो खाली पायरीवर बसला. "सगुणाबाई, अजून सांगा."

"नीट टेकून बसा मग," सगुणा म्हणाली, "वेळ लागंल."

तात्पर्य: नाक मुरडणाऱ्याची जिथे थट्टा होते, तिथे चूक सगळ्यांना कळते, फक्त चुकणाऱ्याला सोडून.